कॅसेटची पहिली बाजू

छावणीचा गुरुवारचा बाजार उठत आलाय. नगर नाक्याकडून तुम्ही आत शिरता तेव्हा पालांचे बांबू सुटताहेत, उरलेली मेथी एका जुडीच्या भावात दोन अशी चाललीय, आणि जनावरांच्या बाजारात नुसता कडब्याचा चुरा आणि शेणाचा वास मागं राहिलाय. थंडी झोंबणारी आहे. कुणीतरी तेलाच्या रिकाम्या डब्यात काटक्या पेटवल्यात आणि चौघं हात शेकत उभे आहेत. तुम्हीही हात पुढे करा, जागा होईल. साल १९८२, महिना जानेवारी. गावाचं नाव अजून औरंगाबाद आहे.

शेकोटीपाशी एकच विषय आहे.

‘दादा आले का?’

‘आले म्हनं. दुपारच्या यष्टीनं उतरले.’

दादा म्हणजे वामनदादा कर्डक. पुढचं नाव लावायची इथं कुणाला गरज वाटत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ही रात्र कुठल्या वहीत किंवा वर्तमानपत्रात नोंदलेली नाही, ती मी रचली आहे. पण तिच्या विटा खऱ्या आहेत. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १५ ऑगस्ट १९२२ ला जन्मलेला हा माणूस आयुष्यभर असाच एसटीनं, रेल्वेनं, पायी गावोगाव फिरला. वस्तीतल्या कुठल्याही घरी उतरला, मिळेल ते जेवला, रात्रभर गायला आणि सकाळी पुढच्या गावाला गेला. अशा शेकडो रात्रींचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्यातली एक छावणीत घालायची मुभा मी घेतो आहे.

शेकोटीभोवतीचे चौघं वरवर शांत दिसतात, पण साडेतीन वर्षांपूर्वीचं अजून कुणाच्या अंगावरून उतरलेलं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, आणि मग मराठवाड्यात गावोगावी दलितांची घरं जळाली, माणसं मारली गेली. ठराव कागदावर आहे, नाव कमानीवर लागलेलं नाही. त्यासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागेल. तुम्हाला हे माहीत आहे, त्यांना नाही. बोलू नका. शेकत राहा.

मैदानावरचा कार्यक्रम मी भराभर पुढं सरकवतो. तो तुम्ही कुठं ना कुठं ऐकलेला असतो. त्रिशरण, पंचशील, हारतुरे, लांबलेली भाषणं, मग गायन पार्टी. पेटी, ढोलकी, बेंजो, खंजिरी, मागं झील धरणारे तिघं आणि झाडाला बांधलेला कर्णा. वामनदादा गातात आणि मैदान उसळतं. देशातल्या बड्या उद्योगपतींची नावं घेऊन, या देशाच्या धनात आमचा वाटा कुठाय असं ते विचारतात, तेव्हा टाळ्या ओळीच्या आधीच सुरू होतात. ही ताकद खरी आहे. पण कर्ण्यातून येणाऱ्या त्या आवाजात तुम्हाला गाणं ऐकू येतं, गाणं लिहिणारा माणूस ऐकू येत नाही. बेंजो त्याच्यावरून वाहून जातो. त्यासाठी आणखी दोन तास थांबावं लागेल.

आता या. चपला दारात सोडा. उंबरा उंच आहे, डोकं सांभाळा.

एका खोलीचं घर आहे. वर पत्रा, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, चाळीसचा पिवळा बल्ब. पितळी स्टोवर भगुन्यात चहा उकळतोय आणि घरची आक्का त्यात गवती चहाची पात तोडून टाकतेय. ढोलकीवाला कोपऱ्यात गोधडीत शिरून केव्हाच झोपलाय. पेटी फडक्यात बांधून कडेला ठेवलीय. वामनदादा भिंतीला टेकून बसलेत, पुढ्यात पत्र्याची ट्रंक. साठीला आलेला माणूस, चार तास गायलेला. कुणीही म्हणेल, आता झोपू द्या.

पण मिलिंद कॉलेजात शिकणारं एक पोरगं मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलंय. आखातात गेलेल्या मामानं पाठवलेला नॅशनल पॅनासॉनिक. त्यात सी-साठची कॅसेट आहे, एका बाजूला तीस मिनिटं. पोरगं काही बोलत नाही. मागणी करते आक्का, कपबशी पुढं सरकवताना.

‘दादा, ते मघाचं एकदा नुसतं म्हना की.’

नुसतं. पेटीशिवाय, ढोलकीशिवाय, झिलीशिवाय. एकट्यानं, विनासाथ गायलेल्या गाण्याला आपल्याकडं वेगळं नाव शोधत बसायचं कारण नाही. भाकरी नुसती खावी तसं गाणं नुसतं ऐकावं. पीठ कसं आहे ते तेव्हाच कळतं.

पोरगं लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबतं. खट्. तीस मिनिटं सुरू झाली.

पहिला आवाज गाण्याचा नाही. बशी टेकल्याचा आहे. मग खाकरणं. मग ट्रंकेच्या झाकणावर दोन बोटं, एवढं हळू की तो ठेका आहे का चाळा, हे पहिल्या चार मात्रांत कळत नाही. आणि मग ओळ.

मैदानात हीच ओळ उंच लागली होती. इथं ती बोलण्याच्या पट्टीत येते. झील धरणारे असतात तेव्हा ओळीचं शेवटचं टोक ते उचलतात, मुख्य गायकाला तेवढ्यात दम घेता येतो, पुढचं आठवता येतं. इथं ओळ संपते आणि तिच्यामागं कुणीच नाही. तिथं एक रिकामी जागा पडते. त्या जागेत स्टोची फरफर ऐकू येते, बाहेर कुत्रं भुंकतं, आणि तुम्हाला वाटू लागतं की आपण काही बोलायला हवं होतं. दुसऱ्यांदा ध्रुवपद येतं तेव्हा आक्का ते टोक उचलते. गुणगुणल्यासारखं, स्टोकडं तोंड करून. तिसऱ्या वेळी खोलीतले सगळेच उचलतात. तुम्हीही.

गाणं आहे त्या खंतीचं, जी वामनदादांनी आयुष्यभर सोडली नाही: बाबासाहेबांच्या मताला खरोखर जागणारी मूठभर माणसं जरी असती, तर आज चित्र काय असतं. मैदानात हे गाणं दुसऱ्या कुणाला तरी लागलं होतं. फुटलेल्या पुढाऱ्यांना, गटबाजांना, व्यासपीठावर मागच्या रांगेत बसलेल्यांना. तेव्हा टाळ्या वाजवणं सोपं गेलं. इथं पुढारी नाही. एवढ्याशा खोलीत तो प्रश्न जाऊन जाऊन जाणार कुठं? तुम्ही नकळत माणसं मोजता. आक्का, तिचा नवरा, रेकॉर्डरवालं पोरगं, त्याचे दोन मित्र, दारात उकिडवा बसलेला एक म्हातारा. गोधडीतला ढोलकीवाला धरावा की नाही? तुम्ही स्वतः?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठीच तुम्हाला इतक्या लांब आणलं: वामनदादांची गाणी प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते अशा मोठमोठ्या गळ्यांनी गायली आणि घराघरांत नेली. त्या गळ्यांपुढं मी हात जोडतो. पण वामनदादांची ओळ वामनदादांच्याच तोंडून, नुसती, ऐकली नाही तर ती कशी घडली हे कळत नाही. गळ्याचा राजा असलेला गायक सुरासाठी थांबतो. हा माणूस शब्दासाठी थांबतो. जोडाक्षर आलं की मला तो थोडा सावरून बसल्यासारखा ऐकू येतो. दोन्ही अक्षरं पूर्ण फोडून, एकाला दुसऱ्याच्या आधारानं नीट उभं करून मगच तो पुढं सरकतो.

त्याचं कारण पाहायचं तर गाणं चालू असतानाच थोडं मागं जावं लागेल. कॅसेट फिरू दे.

शिवडी. बीडीडी चाळ. गिरणीत राबलेला, कोळसा वाहिलेला, चिक्की विकलेला एक तरुण चाळीत उभा आहे आणि एक माणूस त्याच्यापुढं पत्र धरून म्हणतोय, एवढं वाचून दाखव. तो ते पत्र हातात घेतो. अक्षरं दिसतात, वाचता येत नाहीत. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. ती लाज वामनदादांनी पुढं अनेकदा सांगितली. त्यानंतर देहलवी नावाच्या गुरुजींकडं ते बाराखडी शिकले, आणि रस्त्यानं जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं लावू लागले. ते शिवडीच्या रस्त्यावरून चाललेत, त्यांच्या मागं चार पावलांवर राहा. ओठ हलताहेत. ते पाटीपाशी थांबतात, अर्धा शब्द लागतो, अर्धा लागत नाही, पुढच्या दुकानापाशी तेच अक्षर पुन्हा भेटतं आणि मग मागचा शब्द सुटतो. कुणाला धक्का लागतो, कुणी शिवी देतं. ओठ हलतच राहतात.

१९४३ साली याच माणसानं पहिलं गाणं लिहिलं. एका सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर, गमतीखातर. अक्षरओळख होऊन फार दिवस झाले नव्हते. पुढच्या आयुष्यात त्यांनी दहा हजार गाणी लिहिली असं म्हणतात. कुणी मोजली असतील असं नाही, पण आकडा सांगणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कधी शंका दिसत नाही. १९७० च्या दशकात ‘वाटचाल’, ‘मोहळ’ अशी पुस्तकं निघाली. गाणी मात्र पुस्तकांच्या कितीतरी पुढं गेली होती. जी माणसं ती गात होती त्यातल्या अनेकांना त्या पुस्तकांवरचं नाव वाचता आलं नसतं. पत्र हातात धरून उभ्या राहिलेल्या त्या तरुणानं आपली गाणी अशा लोकांसाठी लिहिली ज्यांना कुणी पत्र वाचून दाखवायला नव्हतं. म्हणून ती कानानं पाठ होतील अशीच बांधलेली आहेत. ओळ लहान. कळीचा शब्द टोकाला. यमक इतकं पक्कं की ओळ विसरली तरी यमकाला धरून परत आणता यावी. मराठवाड्याच्या कानाला कव्वालीची सवय आहे, तेव्हा शेवटचा शब्द येतोय हे लोकांना आधीच कळतं आणि ते त्याची वाट बघतात. वामनदादा ती वाट बघायला लावतात, आणि मग शब्द किंचित उशिरा देतात.

परत या. टेपवर अकरा मिनिटं झालीत.

मधेच टाळी पडली. बघा आता काय होतं. या यंत्राला एक सवय आहे: आवाज मोठा झाला की ते आपला कान आखडून घेतं, शांतता झाली की हळूहळू कान टवकारतं. त्यामुळं टेपवर प्रत्येक टाळीनंतर वामनदादांचा आवाज बुडतो आणि दोन-तीन ओळींत पुन्हा वर येतो, विहिरीतून पोहरा यावा तसा. शांततेत मात्र यंत्र सगळं उचलतं. ट्रंकेवरची बोटं, बांगड्या, पत्र्यावर पडलेलं कसलंसं पान, ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वास. पुढं कधीतरी एखादा जाणकार हे ऐकून म्हणेल, रेकॉर्डिंग खराब आहे. मला त्यातलं एक पानही काढून टाकायचं नाही.

गंमतीचा योगायोग नाही, पण जाता जाता सांगतो. याच महिन्यात, ३ जानेवारीला, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथं भाड्याच्या घरातल्या झोपायच्या खोलीत ब्रूस स्प्रिंगस्टीन एकटा गिटार घेऊन साध्या कॅसेटच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर गाणी नोंदवत होता. नंतर आपल्या बँडला घेऊन ती त्यानं मोठ्या स्टुडिओत पुन्हा करून पाहिली, आणि ती जिवंत होईनात. शेवटी ती घरची कॅसेटच सप्टेंबरात ‘नेब्रास्का’ नावानं बाजारात आली. कामावरून काढलेली, कर्जात बुडालेली, हातून गुन्हा घडलेली माणसं त्या गाण्यांत आहेत. अशा माणसांचं बोलणं वाद्यांच्या गर्दीत ऐकू येत नाही, हे तिकडच्या त्या तरुणाला त्या हिवाळ्यात उमगलं. वामनदादांना उमगायचा प्रश्न नव्हता. पेटीवाला परवडला नाही तर ते नुसतेच गात.

या खोलीतून बाहेर थोडं बघा. अंधारात काही दिसणार नाही, पण दिशा सांगतो. तिकडं खाम नदी, तिच्यापलीकडं जुनं शहर. अलीकडं नागसेनवन. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं कॉलेज काढलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. पुढं नाव मिळालं मिलिंद. नागसेन भिक्षूला प्रश्न विचारून विचारून भंडावणारा तो ग्रीक राजा. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि परिसराला उत्तर देणाऱ्याचं, ही जोडी मला फार आवडते. रेकॉर्डरवालं पोरगं तिथंच शिकतं. त्याच्या घरात शाळेच्या पुढं गेलेलं ते पहिलंच.

आणि ही जागा छावणी आहे, हेही मला उगाच वाटत नाही. इंग्रजांच्या आणि निजामाच्या काळात इथं फौज राहिली. बराकी, दगडी बंगले, चर्च आणि सरळ आखलेले रस्ते त्या काळचे. बाबासाहेबांचा जन्मही छावणीतलाच, महूचा, १४ एप्रिल १८९१ चा. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवत. गावच्या शाळेत ज्यांना दाराबाहेर बसवलं असतं त्यांना अक्षर आधी भेटलं ते छावणीत, फौजेच्या कवायतीबरोबर. मुलानं पुढं त्या अक्षराचं काय केलं ते या खोलीतल्या तसबिरीत आहे. त्या अक्षराचा धागा फिरत फिरत शिवडीच्या एका रस्त्यावर, दुकानाच्या पाटीखाली थांबलेल्या तरुणापर्यंत गेला आणि आज रात्री ट्रंकेवर बोटं वाजवत परत छावणीत आलाय.

चोवीस मिनिटं. दुसरं गाणं सुरू आहे.

हे नवं दिसतंय. कागद नाही, ओळी मनात आहेत, आणि एक कडवं अजून पक्कं बसलेलं नाही. वामनदादा एक शब्द घालून बघतात, पुन्हा तीच ओळ म्हणतात, शब्द बदलतात. दारातला म्हातारा मान हलवतो. पहिलाच बरा होता, असं त्या मानेत आहे. वामनदादा त्याच्याकडं बघतात आणि पहिला शब्द परत घेतात. स्टुडिओत बांधलेल्या कॅसेटवर तुम्हाला हे कधी मिळणार नाही. तिथं गाणं पोचतं ते सगळे निर्णय झाल्यावर. इथं एक शब्द तुमच्या डोळ्यांदेखत गेला आणि एका न शिकलेल्या माणसाच्या मानेवर परत आला.

आता शेवटचं कडवं येईल आणि त्यात ‘वामन’ येईल. नेहमी येतो. तुकोबांच्या अभंगात ‘तुका’ येतो तसा, गझलेच्या शेवटच्या शेरात शायर येतो तसा. दिसायला ही जुनी रीत. पण विचार करा, वामनदादांसाठी तिचा अर्थ काय होता. गाणी चिठोऱ्यांवर लिहून पार्ट्यांना दिलेली. कुणी पैसे दिले, पुष्कळांनी दिले नाहीत. कुणी चाल बदलली, कुणी कडवी गाळली. तबकडीवर नाव गायकाचं मोठं. पुस्तक वाचता न येणाऱ्या श्रोत्याला कवी कोण हे कळायला एकच जागा उरली: शेवटची ओळ. तेवढी गाळू नका, म्हणजे मी उरतो, एवढीच त्याची अट. ज्या माणसाला विशीच्या आगेमागे स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं, त्यानं ते प्रत्येक गाण्याच्या तळाशी गिरवलं.

आक्कानं स्टो बंद केलाय. अचानक इतकं शांत झालंय की रेकॉर्डरमधल्या चाकांची घुरघुर खोलीभर ऐकू येते. बोटंही थांबली आहेत. वामनदादा शेवटचं कडवं ठेक्याशिवाय घेतात. डोळे मिटलेले. पहिली ओळ. तिची परतफेरी. दुसरी ओळ सुरू होते, कळीचा शब्द उशिरा येणार हे आता तुम्हालाही कळलंय, खोलीतला प्रत्येक ओठ अर्धा उघडा आहे.

खट्.

लाल बटण उडून वर आलं. तीस मिनिटं झाली.

पोरगं घाबरतं. झाकण उघडतं, कॅसेट काढतं, बल्बच्या उजेडात बाजू बघतं, उलटी घालतं, ती नीट बसत नाही, पुन्हा काढतं. वामनदादा थांबत नाहीत. डोळे मिटलेलेच आहेत. ओळ पुरी होते, नाव येतं, आणि सगळी खोली त्या नावावर एकदम येते. आक्का, म्हातारा, दोन्ही मित्र, गोधडीतून मान वर काढलेला ढोलकीवालासुद्धा.

पोरगं दोन्ही बटणं दाबतं.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला पहिला आवाज आहे तो रिकाम्या कपबश्या गोळा केल्याचा. मग आक्काचा, ‘आता पडा दादा, तीन वाजले.’ पुढं कितीतरी वेळ नुसती खोली आहे. ज्याच्या हाती ती कॅसेट पडेल त्याला ते गाणं कुणाचं हे तीवरून कळणार नाही. तुम्ही तिथं होतात.